एकाच मडक्यातलं ताक

नागपूरच्या स्टेशनावर हमालानं आमची लाकडी पेटी डोक्यावर घेतली आणि दोन पावलं टाकून पुन्हा खाली ठेवली. आत काचा किणकिणल्या होत्या. यात काय आहे, असं त्यानं विचारलं तेव्हा दादानं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, की काचेच्या नळ्या आहेत आणि येताना त्यांत दही भरून आणायचं आहे. हमालानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत निव्वळ दया होती.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. विलायतेत जंतुशास्त्र शिकून आलेला, नागपुरातल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करणारा डॉक्टर. मी मुलींच्या शाळेत शिक्षिका. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती, वऱ्हाड मी कधी पाहिलेलं नव्हतं, आणि नळ्या सांभाळायला कुणीतरी हवंच होतं, म्हणून मी निघाले. आई म्हणाली, लोक सुट्टीत महाबळेश्वरला जातात आणि तुम्ही वैशाखात वऱ्हाडात चाललात. तेही दह्यासाठी!

हे दह्याचं वेड दादानं युरोपातून आणलं होतं. तिकडे पॅरिसमधल्या एका मोठ्या शास्त्रज्ञानं असं मांडलं होतं, की काही डोंगराळ मुलखांतली माणसं आंबट दूध खातात म्हणून दीर्घायुषी होतात. त्या दुधातले जंतू आतड्यांतल्या वाईट जंतूंना हुसकून लावतात. तिथल्या औषधांच्या दुकानांत म्हणे दह्याच्या जंतूंच्या गोळ्या मिळत. दादाला ते ऐकून हसू आलं होतं. आपल्याकडे जे रोज सकाळी वाट्या भरभरून ओरपतात ते गोळी करून विकायचं!

मग त्याच्या इस्पितळात कारंज्याचे एक तुपाचे व्यापारी आले, करीमभाई. मुतखड्यासाठी आलेले, पण इस्पितळातलं काही खायला तयार नाहीत. घरून आणलेलं दही रोज थोडं थोडं दुधात घालून स्वतःच विरजायचे आणि तेवढंच खायचे. दादानं त्यातलं चमचाभर मागून घेतलं. काही दिवसांनी त्यानं मला प्रयोगशाळेत बोलावून काचेची एक चपटी बशी दाखवली. तिच्यात खळीसारखा थर होता आणि त्यावर रक्ती आवेचे जंतू पेरले होते. सगळीकडे धुरकट साय धरल्यासारखे ते वाढले होते. मध्ये करीमभाईंच्या दह्यातल्या जंतूंचा एक ठिपका होता, आणि त्याच्याभोवती काच लख्ख होती. त्या ठिपक्याच्या जवळपास एकही आवेचा जंतू फिरकला नव्हता. मी थक्क होऊन पाहत राहिले. रोज पानात वाढतो तो पदार्थ असं काही करत असेल, हे मला शिक्षिका असूनही कधी सुचलं नव्हतं.

ते विरजण मूळचं कुठलं, हे दादानं करीमभाईंना विचारलं. ते म्हणाले, मानोऱ्याकडच्या एका तांड्यातलं. एवढ्यावर आमचा प्रवास ठरला.

मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडून कारंज्याच्या छोट्या गाडीत बसायचं होतं. फलाटावर ऊन इतकं होतं की बाकाच्या लोखंडाला हात लागला तर चटका बसे. दादानं नळ्या फुटल्या का ते पाहायला पेटी उघडली. आत कापसाचे बोळे लावलेल्या नळ्या, स्पिरिटचा दिवा, तारा, काचेच्या बश्या. पाणी प्यायला आलेल्या एका पोलिसानं ते पाहिलं आणि तो जागच्या जागी उभा राहिला. त्या वर्षांत काचा, कापूस आणि स्पिरिट एका पेटीत दिसणं बरं नव्हतं. क्षणात आमच्याभोवती माणसं जमली, स्टेशनमास्तर आले, आणि माझा सख्खा भाऊ बाँब करणारा आहे की काय अशा नजरेनं सगळे बघू लागले. दादानं शांतपणे एक नळी काढून बोळा उपसला आणि स्टेशनमास्तरांच्या नाकाखाली धरली. त्यांनी वास घेतला, पोलिसानं घेतला. आत उकळलेलं दूध होतं.

"येवढ्या उन्हात दूध घेऊन कायले फिरून राह्यले?" पोलिसानं विचारलं. आम्ही दही न्यायला चाललो आहोत हे सांगितल्यावर मात्र त्याचा संशय पुन्हा जागा झाला. शेवटी छोट्या गाडीनं शिट्टी दिली म्हणून सुटलो.

कारंज्याला करीमभाई स्वतः उतरून घ्यायला आले होते. ठेंगणे, गोरे, दाढी मेंदीनं रंगवलेली. दादाचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. त्यांच्या घरी आमच्यासाठी वेगळा शिधा आणि स्वयंपाकाला एक महाराज बोलावलेला होता, म्हणजे आमचा धर्म बुडू नये. दादानं महाराजाला नमस्कार करून परत पाठवलं आणि म्हणाला, आम्ही तुमच्या चुलीवरचं जेवू, पण दही भरपूर हवं. करीमभाईंनी चकित होऊन माझ्याकडे पाहिलं. माझी स्थिती काही वेगळी नव्हती, हे इथे लिहायला हरकत नाही. मुसलमानाच्या घरी मी पहिल्यांदा जेवत होते. ज्वारीची पातळ भाकरी, डाळ घातलेली अंबाडीची भाजी, कैरीचा तक्कू, आणि दही. ते दही वाडग्यात चमच्यानं कापलं की कडा सुरीनं कापल्यासारखी उभी राही. आंबट, पण मागून एक गोडसर धुराची चव.

जेवणानंतर करीमभाईंच्या पत्नीनं मला पडद्याआड नेलं. त्यांचा पहिला मुलगा तान्हा असताना हगवणीनं वाळत चालला होता. करीमभाई तूप घ्यायला तांड्यात गेले असताना तिथल्या नायकाच्या बायकोनं हे विरजण दिलं आणि पातळ ताक पाजायला सांगितलं. मुलगा वाचला. तेव्हापासून त्यांच्या घरात दुसरं विरजण लागलेलं नाही. त्या हे सांगत होत्या आणि त्यांचा तो मुलगा, आता मिशा फुटलेला, अंगणात बैलांना पाणी दाखवत होता.

मानोऱ्याकडे आम्ही दमणीतून (बैलांची हलकी गाडी) निघालो. करीमभाई स्वतः बैल हाकत होते. काळी रानं उलून पडली होती, भेगा माणसाचा पाय जाईल एवढ्या. पळसाची पानगळ झालेली, मोहाखाली बायका फुलं वेचून गेल्याच्या खुणा, आणि क्षितिजावर वाऱ्यानं उठलेला धुळीचा भोवरा. एका ओढ्याच्या उतारावर चाक दगडावर चढलं आणि पेटी माझ्या मांडीवर आदळली. काही नळ्या फुटल्या आणि माझं लुगडं दुधानं भिजलं. तांड्यात पोचेपर्यंत ते आंबलं. तांड्यातल्या बायकांनी मला पाहून नाकाला पदर लावला नाही, हे त्यांचं मोठेपण.

तांडा म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती. एका टेकाडावर गवताच्या छपरांची घरं, मधे मोकळं अंगण, खाली नाला. नायकाचं नाव धावजी. उंच, पांढरा फेटा, बोलणं कमी. त्यांची बायको गोमली; तिला सगळा तांडा याडी (आई) म्हणे. आणि त्यांची सून थावरी. थावरीची मुलगी अजून अंगावर पीत होती. नवरा बैल घेऊन खानदेशात कामाला गेला होता. थावरीच्या हातांत कोपरापासून दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, ओढणीला आरसे, आणि शिवाय डोक्यावर दोन घागरी. त्या उन्हात नुसत्या त्या बांगड्यांचं वजन पाहून मला घाम फुटला. तिला माझं नुसतं लुगडं पाहून हसू येत होतं. इतक्या साध्या कपड्यांत माणूस घराबाहेर कसा पडतो, असं तिनं सासूला विचारलं, आणि सासूनं ते मला सांगितलं.

गोमली याडीचं दह्याचं मडकं झोपडीच्या कोपऱ्यात राखेच्या आळ्यात बसवलेलं होतं. दूध गोवऱ्यांच्या मंद आचेवर तांबूस होईपर्यंत ठेवायचं, कोमट झालं की मडक्यात ओतायचं, वर लाकडी झाकण. विरजण वेगळं घालायचं नाही. मडकं पूर्ण रिकामं करायचंच नाही, आणि धुवायचंही नाही. मी आत वाकून पाहिलं. कडांना जाड पिवळट पुटं धरली होती. मला शिसारी आली. शाळेत मी मुलींना भांडी घासण्यावर धडा शिकवते! मडकं तडकलं की नव्या मडक्याला त्यातलंच दही आतून लिंपायचं. तिच्या सासूच्या काळापासून असं चाललेलं.

दादा मात्र त्या मडक्यापुढे देवघरात बसावं तसा बसला. त्यानं तार दिव्यावर तापवली, थंड होऊ दिली, पुटाला टेकवली आणि नळीतल्या दुधात बुडवली. असं पुन्हा पुन्हा. बायका गराडा घालून पाहत होत्या.

पुढचे काही दिवस आम्ही तिथेच होतो आणि मी रोज काहीतरी नवीन पाहून हबकत होते. एका बैलाच्या मानेला जू लागून जखम झाली होती. धावजी नायक ती दह्याच्या निवळीनं धूत. मी डोळे मिटून घेतले होते. दोन दिवसांनी पाहिलं तर जखम कोरडी, गुलाबी. पोट बिघडलेल्या एका पोराला दूध बंद, भाकर बंद, फक्त पातळ ताक मिठाबरोबर. तेही उठून खेळू लागलं. दादाचा चेहरा उजळत चालला होता. जे मी बशीत पाहिलं ते इथे माणसांच्या पोटात घडतंय, असं तो म्हणे. आम्ही दोघं सकाळ-संध्याकाळ लोटाभर तेच ताक पीत होतो आणि खरंच, परमुलखात असून आमच्या पोटाची कसलीच तक्रार नव्हती.

तेवढ्यात आसेगावच्या बाजूला पटकी (कॉलरा) सुरू झाल्याची बातमी करीमभाईंनी आणली. ते तूप घ्यायला गेले होते आणि अर्ध्या वाटेवरून परतले होते. नाल्याच्या वरच्या अंगाला एका खेड्यात माणसं दगावली होती. धावजी नायकांनी त्याच दिवशी तांड्याला ताकीद दिली, की नाल्यातल्या झिऱ्याचं (वाळूत खणलेल्या खड्ड्याचं) पाणी कुणी प्यायचं नाही. पाणी आणायचं ते दूरच्या मळ्यातल्या विहिरीवरून. वैशाखातल्या उन्हात बायका डोक्यावर घागरी घेऊन ती वाट तुडवू लागल्या. थावरी मुलीला कमरेला बांधून जाई. परतायची तेव्हा तिच्या ओठांवर पांढरे पापुद्रे आलेले असत.

दादाला ते बघवेना. तो म्हणाला, या बायका उन्हानंच मरतील. पटकीचा जंतू आंबटाला फार भितो हे सिद्ध झालेलं आहे. ज्यांच्या पोटात रोज हे ताक आहे त्यांना त्याची भीती नाही. मी म्हटलं, तू बशीत आवेचे जंतू पाहिलेस, पटकीचे नाही. तो म्हणाला, तत्त्व एकच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नाल्यात उतरला. आम्हाला वाटलं नळीत पाणी घ्यायला चालला आहे. धावजी नायक, करीमभाई, पाण्याला निघालेल्या बायका असे सगळे काठावर उभे होते. दादा आधी लोटाभर ताक प्यायला. मग वाकला, झिऱ्यात ओंजळ बुडवली आणि ते पाणी पिऊन टाकलं. मी धावत गेले आणि त्याचं मनगट धरलं, पण ओंजळ रिकामी झाली होती. त्याच्या हनुवटीवरून थेंब गळत होते. करीमभाईंनी "या अल्ला" म्हणून डोक्याला हात लावला.

दादा काठावरच्या लोकांना म्हणाला, "हे ताक पोटात आहे तोवर या पाण्याची भीती नाही. मी डॉक्टर आहे. माझ्याकडे बघा."

नायकांनी त्याच्याकडे पाहिलं. मग बायकांकडे वळून त्यांनी मळ्याची वाट दाखवली. त्यांनी ताकीद मागे घेतली नाही.

तो दिवस मी दादाच्या चेहऱ्याकडे बघत काढला. त्याला खोकला आला तरी मी उठून त्याच्याजवळ जाई. त्याला काहीही झालं नाही. दुसरा दिवसही गेला. तो जेवला, झोपला, नळ्यांवर खुणा करत बसला. तिसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, बघ. आणि मलाही वाटू लागलं होतं की तो जिंकला. मी मनातल्या मनात आईला सांगायची वाक्यं जुळवत होते.

त्याच दिवशी न्याहारीच्या वेळी गोमली याडी आमच्या झोपडीच्या दारात आली. थावरीला पहाटेपासून उलट्या-जुलाब होत होते.

मी आत गेले आणि मला ती ओळखू आली नाही. कालपर्यंत हसणारी ती बाई बाजेवर वाळल्या पानासारखी पडली होती. डोळे खोल गेलेले, गाल बसलेले, बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली. बांगड्या सैल होऊन कोपराखाली घसरल्या होत्या. एका सकाळीत माणूस इतका आटू शकतो हे मला माहीत नव्हतं.

दादानं तिची नाडी पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. पाणी उकळा, मीठ घाला, असं तो ओरडून सांगत होता. शिरेतून मिठाचं पाणी द्यायचं साहित्य आमच्याकडे नव्हतं. करीमभाई दमणी जुंपून मानोऱ्याच्या दवाखान्याकडे गेले. आम्ही चमच्याचमच्यानं मिठाचं पाणी तिच्या तोंडात सोडत होतो. त्यातलं किती राहत होतं ते देव जाणे. मुलगी दारात रडत होती आणि तिला आईजवळ नेऊ नका असं मीच सांगत होते.

पाणी कुठलं प्यायली, असं दादानं विचारलं. गोमली याडी खाली बघत म्हणाली, "झिऱ्याचं. काल मळ्यातून येता येता पोरगी तहानेनं कासावीस झाल्ती, तं आपली घागर तिनं पोरीसाठी राखली आन सोता झिऱ्यावर पेली. म्हने, डाक्टरसाहेब पेले, त्यायले काय झालं?"

दादा हातातला चमचा धरून तसाच बसला.

थावरी दुपार कलायच्या आत गेली. दवाखान्याचा माणूस साहित्य घेऊन पोचला तेव्हा बायकांचं रडणं तांड्याबाहेर ऐकू येत होतं.

संध्याकाळी तिला नाल्यापलीकडे नेऊन माणसं परतल्यावर दादा नायकांसमोर जाऊन उभा राहिला. तुमची सून माझ्यामुळे गेली, असं तो म्हणाला. नायक म्हणाले, तुम्ही तिला पाजलं नाही. तेवढं बोलून ते बैलांकडे गेले. मला वाटलं एवढ्यावर निभावलं. पण गोमली याडी बाहेर आली. ती रडत नव्हती.

"तुमी जिते आहा, हे बरं झालं, बाबू," ती म्हणाली. "पन एक मले सांगा. तुमच्या पोटात आन तिच्या पोटात एकाच मडक्यातलं ताक होतं. ती तं लगीन होऊन आली तवापासून तेच पेत होती. मंग तुमी काहून राह्यले आन ती काहून गेली?"

दादा विलायतेत शिकला होता. नुसती मान हलवून तो म्हणाला, "मला माहीत नाही, याडी." माझ्या आठवणीत हे शब्द त्यानं पहिल्यांदाच उच्चारले.

त्यानंतर आम्ही तांडा सोडला नाही. दवाखान्याच्या माणसानं झिऱ्यात जंतू मारणारं लाल औषध टाकलं, मळ्याच्या विहिरीत टाकलं. दादानं प्रत्येक घरासमोर पाण्याचं भांडं चुलीवर चढवलं आणि स्वतः जळणाची फाटी फोडली. कुणाला पातळ जुलाब झाला की तो धावत जाई. तांड्यात दुसरं कुणी गेलं नाही. थावरीची मुलगी शेळीच्या दुधावर राहिली. गोमली याडी ते दूध आता उकळून देई. दादा अंगणात आला की ती पाठ फिरवीत नसे, पण त्याच्याशी बोलतही नसे. निघताना तिनं नळ्यांच्या पेटीकडे बोट दाखवलं, घेऊन जा अशा अर्थानं. मला तो निरोप कसा घ्यावा कळलं नाही. मी तिच्या पाया पडले.

कारंज्याला दमणी पोचली तेव्हा करीमभाईंच्या दारात माणसांची रीघ होती. बायका, म्हातारे, हातात गाडगी, तांबे, वाट्या. मला वाटलं करीमभाईंच्या घरी कुणी गेलं. दमणी थांबताच लोक आमच्याभोवती गोळा झाले आणि दादाच्या पायाला हात लावू लागले. पटकीचं पाणी पिऊन जिवंत राहिलेला डॉक्टर तो हाच, असं एकमेकांना दाखवत होते. त्यांना दही हवं होतं. कामरगावाहून एक माणूस दोन मुलांच्या नावानं लोटा घेऊन आला होता. करीमभाईंच्या पत्नी आतून विरजण वाटून वाटून दमल्या होत्या. नाही कसं म्हणावं हे त्यांना कळत नव्हतं.

थावरीबद्दल तिथे एकालाही ठाऊक नव्हतं. दादा प्यायला आणि वाचला, एवढीच गोष्ट मानोऱ्याहून निघाली होती. उरलेली गोष्ट तांड्यातच राहिली होती.

दादा दमणीवर उभा राहिला. त्यानं सगळं सांगितलं. मी चुकलो, मी वाचलो हे नशीब, तेच ताक पिणारी बाई गेली, दह्यानं पटकी थांबत नाही, पाणी उकळून प्या. त्याचा आवाज फाटत होता. लोक ऐकत होते. बोलणं संपलं तेव्हा पुढे उभा असलेला एक म्हातारा समजूतदारपणे हसला.

"व्हय साहेब," तो म्हणाला, "पन आमच्यापासून कायले लपवून राह्यले? वाटीभर तं द्या."

दादा मटकन खाली बसला. मी एका ठिकाणी इतकी घाबरलेली माणसं कधी पाहिली नव्हती. घाबरलेल्या माणसाच्या हातात एकदा भांडं आलं की ते रिकामं परत नेणं त्याला जमत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

करीमभाईंनी दार लावून घेतलं. शुक्रवारी मशिदीत आणि बाजाराच्या दिवशी मारुतीच्या पारावर ही सगळी गोष्ट सांगायची व्यवस्था त्यांनी केली, आणि गावात दवंडी द्यायला माणूस बोलावला. दह्यानं पटकी थांबत नाही, पाणी उकळून प्या, हे वाक्य दादानं त्याच्याकडून पाठ करून घेतलं. दुपारी आम्ही ओसरीवर बसलो असताना ढोलकीचा आवाज गल्लीतून आला, आणि मागून दवंडीवाल्याचा खणखणीत आवाज: डाक्टरसाहेबाचं दही खा, आन पानी उकळून प्या हो!

मी दचकून दादाकडे पाहिलं. तो उठून धावणार, तोच करीमभाईंनी त्याचा हात धरला. "पानी उकळून म्हनला ना, साब? तेवढं पोचू द्या," ते म्हणाले. "दही खाऊन कोनी मरत नाई. बाकीचं आपन घरोघर जाऊन सांगू." दादानं चपला घातल्या आणि तो करीमभाईंबरोबर खरोखरच घरोघर सांगायला निघाला.

तो माझ्याबरोबर परतला नाही. पटकी ओसरेपर्यंत तिकडे राहायचं त्यानं ठरवलं आणि इस्पितळाला तार केली. माझी शाळा उघडायची होती, म्हणून नळ्यांची पेटी घेऊन मी एकटी निघाले. मूर्तिजापूरच्या फलाटावर या वेळी मला कुणी अडवलं नाही. गाडीत माझ्या समोर एक कुटुंब डबा उघडून जेवत होतं. लहान मुलीनं पाणी मागितलं आणि बापानं स्टेशनावरच्या नळाचं पाणी भरून आणलं. ती ते प्यायली. मी तिच्या गळ्याकडे बघत राहिले आणि मग खिडकीकडे तोंड केलं.

घरी पोचले तर आई दारातच उभी होती. तिचा चेहरा आनंदानं फुलला होता. बातमी माझ्या आधी नागपूरला आली होती. शेजारच्यांचा कुणी नातेवाईक अमरावतीहून ती घेऊन आला होता. तुझ्या दादानं पटकीचं पाणी पचवलं म्हणे, आई म्हणाली. आणि हळूच विचारलं, की ते दही आणलंस ना? तिनं आळीतल्या चार घरांना विरजण द्यायचं कबूल केलं होतं.

मी पेटी खाली ठेवली. इतक्या वाटेत मी एकदाही रडले नव्हते. स्वयंपाकघरात पाटावर बसून मी आईला थावरीची गोष्ट सांगितली, अगदी पहिल्यापासून. बांगड्या, घागर, झिरा, गोमली याडीचा प्रश्न.

पावसाळा सरताना दादा परतला. वाळला होता. त्यानं नळ्या उघडल्या आणि काम पुन्हा सुरू केलं. त्या दह्यातले जंतू आवेच्या जंतूंना अडवतात हे खरं आहे; ते कसं, किती आणि कुणाच्या पोटात, हे त्याला शोधायचं आहे, आणि त्याला किती वर्षं लागतील हे तो आता सांगत नाही. कुणी विचारलंच, तर आधी थावरीचं सांगतो आणि मग दह्याचं. वऱ्हाडातून मी काय आणलं, असं मैत्रिणी विचारतात. तिथली माणसं अगत्याची आहेत, दही तर असं मी कुठेच खाल्लं नाही. पण अर्धी गोष्ट किती वेगानं पळते आणि उरलेली अर्धी किती जड असते, हे मी त्या प्रवासात पाहिलं. ती उरलेली अर्धी पोचवावी म्हणून हे लिहायला बसले.

मी घरी पोचले त्या दिवशी गोष्ट सांगून संपल्यावर लगेचच आळीतली पहिली बाई वाटी घेऊन दारात आली. आईनं तिला आत बोलावलं, माझ्याशेजारी पाटावर बसवलं, आणि म्हणाली, "आधी हिचं ऐक." मग आई उठली आणि पिण्याच्या पाण्याचं मोठं पातेलं तिनं चुलीवर चढवलं.